पोटदुखीमागची भीती

शाळेची रिक्षा दाराशी आली की पोटात दुखू लागते, रिक्षा निघून गेली की तासाभरात थांबते. रविवारी तर त्याचे नावही नसते. अशा मुलाला घरात ‘नाटकी’ ठरवतात किंवा जंताचे औषध पाजतात. दुखणे मात्र खरे असते. चिंतेने शरीर सावध होते, त्याचा ताण पोटावर येतो; आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘मला काळजी वाटते’ असे सांगता येत नाही, ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगता येते.

अंधाराची, अनोळखी माणसांची, आईपासून दूर जाण्याची भीती वाढीच्या वयात असतेच. ती आठवडेच्या आठवडे टिकून शाळा, झोप, खेळ अडवू लागली, की उपचार हवेत. बागुलबुवा, पोलीस आणि सुईवाला डॉक्टर यांचा धाक दाखवून घास भरवणाऱ्यांनीच पुढे मुलाला ‘भित्रट’ म्हणावे, ही मौज वेगळीच.

उपायाची दिशा शंभर वर्षांपूर्वीच सापडली होती. १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या चिमुरड्याला आवडता खाऊ देत ससा थोडा थोडा जवळ आणला. अखेर तो सशाला गोंजारू लागला. आजच्या वर्तनोपचाराचा गाभा हाच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत चिंताविकार असलेली ४८८ मुले होती. बोधात्मक वर्तनोपचाराने सुमारे ६० टक्के मुलांत ठळक सुधारणा झाली, जोडीला सर्ट्रालिन हे औषध दिल्यावर ८१ टक्क्यांत. म्हणजे गोळी वर्ज्य नाही. पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

आपल्यासाठी अधिक मोलाचे काम येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांचे आहे. त्यांनी १२४ मुलांच्या अभ्यासात एका गटात मुलांना बोलावलेच नाही, फक्त पालकांना शिकवले. परिणाम मुलांवरील थेट उपचारांच्या तोडीचा निघाला. मुलाच्या वतीने उत्तर देणे, ‘आज राहू दे घरी’ म्हणणे यांनी त्या क्षणी सुटका होते, भीती मात्र पोसली जाते. पालकांनी ही सवलत हळूहळू काढून घ्यायची. ‘तुला भीती वाटतेय ते कळतंय, पण तुला जमेल’ असे म्हणत.

बालमानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांपलीकडे क्वचितच भेटतात. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, तिचा आधार जरूर घ्यावा. पण शिक्षण विभागानेही जूनपूर्वी पहिली-दुसरीच्या शिक्षकांना मुलांची अशी भीती ओळखण्याचे आणि हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे, पालकसभेत गुणांइतकाच वेळ या विषयाला राखावा आणि पोटदुखीचे कारण सांगून वारंवार घरी जाणाऱ्या मुलांची नोंद शाळांना ठेवायला लावावी.