गॅस लॉग मागवण्याआधी टेप हातात घ्या

थंडीची चाहूल लागली की न्यू जर्सी, शिकागो, बॉस्टनकडच्या मराठी घरांत फायरप्लेसचा विषय निघतो. लाकडं आणा, राख उपसा, धुराचा वास सोसा, त्यापेक्षा गॅस लॉग बसवू, असं ठरतं. बेत चांगला आहे. पण बरेच जण फोटोत भरगच्च दिसणारा सेट निवडतात आणि फायरप्लेस मोजतात तो घरी आल्यावर. कृपा करून हा क्रम उलटा करा.

आधी आत डोकावा. पुढे काच पक्की बसवलेली असेल, तर ती मुळातच गॅस फायरप्लेस आहे; तिच्यात वेगळे लॉग घालायचे नाहीत. आतला भाग विटांचा नसून पत्र्याच्या पेटीचा असेल, तर आतली धातूची पट्टी शोधा आणि त्या पेटीत कोणता गॅस सेट चालतो ते वाचा. तिथे मनाई असेल तर विषय संपला.

मग गार फायरप्लेसमधली राख आणि लोखंडी जाळी बाहेर काढा. पहिलं माप पुढच्या तोंडाच्या रुंदीचं. नेमकं याच मापावर लोक फसतात, कारण बहुतेक फायरप्लेस आत निमुळत्या होत जातात. पुढे ३६ इंच असलेली मागे २४ इंचही भरू शकते. म्हणून गुडघे टेकून टेप मागच्या भिंतीशी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत धरा. खोली जमिनीलगत एकदा मोजा आणि फूटभर उंचीवर पुन्हा मोजा. विटांच्या जुन्या फायरप्लेसमध्ये मागची भिंत वर जाताना पुढे झुकलेली असते. खाली सहज बसणारा ओंडका वर भिंतीला भिडतो. शेवटी तोंडाची उंची घ्या. गॅसची नळी डावीकडून येते की उजवीकडून, तेही टिपून ठेवा, कारण व्हॉल्व्ह आणि पायलट बर्नरच्या बाजूला जागा अडवतात.

सेटवर १८, २४ किंवा ३० इंच असं लिहिलेलं असतं. तो आकडा साधारण पुढच्या ओंडक्याची लांबी सांगतो, तुमच्या फायरप्लेसची रुंदी नव्हे. प्रत्येक सेटसाठी पुढची रुंदी, मागची रुंदी, खोली आणि उंची किमान किती हवी, याचा कंपनीचा तक्ता असतो. चारही मापं त्यात बसली पाहिजेत. तीन बसली, एक इंचभर कमी पडलं, तर एक नंबर लहान सेट घ्या. दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहिली की आग दिसतेही छान. कोंबून बसवलेल्या सेटमध्ये ज्वाळा ओंडक्यांना नको तिथे चाटतात, काजळी धरते आणि गॅस नीट जळत नाही. ओंडके तासून बसवण्याचा विचारही करू नका.

व्हेंटेड सेट घेतला तर डॅम्पर, म्हणजे धुराड्याची झडप, उघडाच राहिला पाहिजे. तो पूर्ण मिटू नये म्हणून क्लिप लावतात. त्याआधी धुराडं तपासून, साफ करून घ्या. व्हेंट-फ्री सेट धुराड्याविना चालतो, म्हणजेच जळल्यावरची वाफ आणि वायू तुमच्याच खोलीत येतात. कॅलिफोर्नियात आणि कॅनडात घरासाठी त्याला परवानगी नाही. जिथे आहे तिथेही लहान, बंदिस्त खोलीत मी तो सुचवणार नाही. घरात लहान मुलं किंवा दम्याचं माणूस असेल, तर व्हेंटेडच घ्या.

नळीत नैसर्गिक वायू आहे की टाकीतला प्रोपेन, हे ऑर्डर देतानाच सांगा. एकाचा बर्नर दुसऱ्यावर लावायचा नसतो. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो.

मापं घ्यायला तुम्ही पुरेसे आहात, गॅसची जोडणी करायला नाही. ती परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. आणि सेट येण्याची वाट न पाहता झोपायच्या खोल्यांजवळचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म आज रात्रीच बटण दाबून तपासा. नसेल तर उद्या घेऊन या.