काटाही मेला, गाडीही बंद पडते

घरची गाडी पंधरा-वीस वर्षांची असेल तर हे वाचून ठेवा.

एक दिवस स्पीडोमीटरचा काटा शून्यावर बसतो. तुम्ही म्हणता, गाडी तर पळते आहे, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. पंधरा दिवसांनी सिग्नलपाशी क्लच दाबता आणि इंजिन गप्प होतं. चावी फिरवली की लगेच सुरू. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. मागचे हॉर्न वाजवतात, शेजारी बसलेल्या आई घाबरतात.

मग काट्यासाठी तुम्ही वायरमनकडे जाता आणि बंद पडण्यासाठी मेकॅनिककडे. दोघं आपापलं बघतात. असं करू नका. दोन्ही तक्रारी एकाच माणसाला, एकाच वेळी सांगा. पुष्कळदा मूळ एकच निघतं.

कसं ते सांगतो. जुन्या पद्मिनीत मीटरला केबल असायची. गिअरबॉक्समधून निघालेली पिळाची तार मीटरपर्यंत जायची आणि तिथलं लोहचुंबक फिरवायची. चुंबकाच्या ओढीने ॲल्युमिनियमची छोटी वाटी वळायची आणि तिच्याबरोबर काटा. यात गाडीच्या वायरिंगचा काही संबंध नाही. केबल तुटली तर इंजिनाला त्याचा पत्ताही नसायचा. कार्बोरेटरची गाडी असेल, तर तुमच्या दोन तक्रारी खरोखरच दोन आहेत. केबल सुकली की काटा थरथरतो आणि डॅशबोर्डमागून कुरकुर ऐकू येते. कार्बोरेटर साफ करून घ्या, केबल बदला, विषय संपला.

एमपीएफआय गाड्यांचं तसं नाही. त्यांत पेट्रोल मोजून देणारा छोटा संगणक असतो. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सवर स्पीड सेन्सर बसवलेला असतो. चाकं फिरली की तो ठोके पाठवतो. तेच ठोके मीटरला काटा हलवायला लागतात आणि संगणकालाही गाडी पळते आहे की उभी आहे हे त्यांवरूनच कळतं. काही गाड्यांत केबल मीटरपर्यंत येते आणि संगणकाला खबर मीटरमधून जाते.

आता सिग्नलचा विचार करा. तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला, गाडी अजून घरंगळते आहे. अशा वेळी संगणक इंजिनाला थोडी जास्त हवा देऊन सांभाळून घेतो. पण सेन्सर गप्प असेल तर त्याला वाटतं, गाडी उभीच आहे. तो सांभाळत नाही. त्यात थ्रॉटलमध्ये काजळी साचलेली असली की इंजिन मान टाकतं. काजळी नसेल तर पुष्कळ गाड्या सेन्सर मेला तरी निमूट चालतात. म्हणून तर महिनाभर कुणी लक्ष देत नाही.

पैसे खर्च करण्याआधी आठ दिवस फक्त बघा. गाडीत एक वही ठेवा. कधी बंद पडली, वेग कमी होताना की उभी असताना, इंजिन गार होतं की तापलेलं, एसी चालू होता का, एवढंच लिहा. सीएनजीचं किट असेल तर दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर तक्रार नसेल, तर आधी किटवाल्याकडे जा.

वहीतून बरंच कळतं. वेग उतरतानाच बंद पडते, लगेच सुरू होते, आणि काटाही मेलेला आहे, तर संशय आधी स्पीड सेन्सरवर घ्या. न्यूट्रलमध्ये उभी असतानाही विझत असेल, तर थ्रॉटलची काजळी, आयडलिंगचा व्हॉल्व्ह किंवा हवेचा चिरलेला पाइप बघायला सांगा. बॉनेट उघडल्यावर सूं सूं आवाज येत असेल तर बहुधा पाइपच. तापल्यावर बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटं गार झाल्याशिवाय सुरूच होत नाही, तर क्रँक सेन्सर किंवा पेट्रोलचा पंप. आणि बंद पडताना डॅशबोर्डवरचे दिवेसुद्धा जात असतील, तर बॅटरीचं टर्मिनल किंवा अर्थिंग सैल आहे. ते आधी आवळून घ्या. याला कधीकधी फक्त पाना लागतो.

काट्याचंही असंच बघा. पेट्रोलचा आणि तापमानाचा काटाही मेला आहे का? मग फ्यूज बघा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर बहुधा नकाशा असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा फ्यूज घाला, चांदी गुंडाळून काम भागवू नका. किलोमीटर पुढे सरकतात पण काटा हलत नाही, तर बिघाड मीटरमध्ये आहे, सेन्सरमध्ये नाही. दोन्ही थांबले असतील तर सेन्सर, त्याची वायर, किंवा गिअरबॉक्समधलं झिजलेलं प्लॅस्टिकचं छोटं चक्र.

सेन्सर बदलण्याआधी त्याचा कपलर उघडून दाखवायला सांगा. सेन्सर गाडीखाली असतो. पावसाळ्यात तिथे चिखल उडतो, आतल्या पितळी पिनांवर हिरवट गंज चढतो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी वायरही कुरतडलेली असते. वायरमनने मल्टिमीटर लावून वीज येते का, अर्थ मिळतो का, आणि चाक फिरवल्यावर ठोके निघतात का, हे तपासायला हवं. जॅकवर गाडी उचलून हे घरी करायला जाऊ नका.

साधारण २०१० नंतरची गाडी असेल तर स्कॅनर लावता येतो. पडद्यावर पी०५०० असं आलं, तर वेगाची खबर पोचत नाही. पी०५०५ आलं, तर आयडलिंगच्या बाजूचा दोष. कोड वहीत लिहून घ्या. पण कोड म्हणजे पार्ट बदलायची चिठ्ठी नव्हे. वायर तुटली तरी तोच कोड येतो.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका. ‘रेस वाढवून देतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्याने गाडी बंद पडायची थांबते, पण पेट्रोल जास्त जळतं, ट्रॅफिकमध्ये गाडी सतत पुढे ओढते आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

काटा दुरुस्त होईपर्यंत वेगाचा अंदाज कसा घ्यायचा? मोबाइलवर जीपीएसचा वेग दिसतो, पण तो शेजारच्या माणसाने बघावा. काटा चालतो पण खरा सांगतो का, अशी शंका असेल तर मैलाचे दगड वापरा. मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात चालवा आणि शेजारच्याला एक किलोमीटर अंतरावरच्या दोन दगडांमधले सेकंद मोजायला सांगा. ६० सेकंद लागले तर वेग ताशी ६०. ७२ लागले तर ५०. ९० लागले तर ४०. तुम्ही ठरल्यापेक्षा मोठे टायर घातले असतील, तर काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. हौसेने टायर बदलणाऱ्यांना हे दुकानात कुणी सांगत नाही.

काटा मेलेला असताना बहुधा किलोमीटरही मोजले जात नाहीत, हेही लक्षात ठेवा. ऑइल कधी बदलायचं ते मग तारखेवरून ठरवा. जुनी गाडी विकत घेत असाल तर चालवून बघताना आकडा सरकतो का ते बघा. आणि पंधरा वर्षं झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, पुढे दर पाच वर्षांनी. तिथे गाडी तपासतात. चालू स्पीडोमीटर नियमानेच लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चालती गाडी बंद पडली तर काय कराल?

चावी काढू नका. स्टिअरिंग लॉक होईल. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते एकदम जड होतं, तुटलेलं नसतं, दोन्ही हातांनी जोर लावा. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. चारही इंडिकेटर लावा, गाडी डावीकडे घ्या. मग न्यूट्रल करून सुरू करा. हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा. रिकाम्या मैदानात एकदा, इंजिन बंद करून, ब्रेक किती कडक होतो ते पायाला कळू द्या.

दुरुस्ती होईपर्यंत घाट टाळा. रात्रीचा हायवे टाळा. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची सवय असेल, तर ती आजच सोडा.

गॅरेजमध्ये काढलेला जुना पार्ट मागून घ्या. चांगला मेकॅनिक रागावत नाही, तो स्वतःच दाखवतो. मी स्वतः हे उशिरा शिकलो. माझी गाडी अशीच सिग्नलला विझायची, काटा मेलेला होता, आणि काट्याचं मी मेकॅनिकला सांगितलंच नव्हतं. त्याने बिचाऱ्याने पंप बदलला. साडेसहा हजार गेले, गाडी तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडली. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने खाली वाकून कपलर काढला, पिना घासल्या, थोडं ग्रीस लावून पुन्हा बसवला. काटा उठला. त्याने दीडशे रुपये घेतले. जुना पंप अजून माझ्या डिकीत आहे, आणि तो चालतो.