बांध बांधला, पण त्याची निगा?

पूरनियंत्रण म्हटले की मोठ्या नदीवरील प्रचंड धरण डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पुराचे पाणी प्रथम गोळा होते ते लहान ओढ्यांत. तेथेच ते अडविले तर खालच्या शेतांचे रक्षण होते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, वॉशिटा नदीच्या खोऱ्यात, याच विचाराने १९४८ साली क्लाउड क्रीक या ओढ्यावर मातीचे एक लहान धरण बांधण्यात आले. आज त्या एका राज्यातच अशी २,००० हून अधिक धरणे आहेत.

या धरणाची रचना साधी असते. अतिवृष्टीचे पाणी मातीच्या भरावामागे तुंबते आणि भरावाखालून काढलेल्या नळावाटे सावकाश वाहून जाते. पाणी फारच चढले, तर बाजूच्या गवताळ सांडव्यावरून त्यास वाट मिळते.

मात्र मातीच्या बांधास निरंतर निगा लागते. भरावावर वाढलेले झाड मेले, की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळी राहते. बिळे करणारे प्राणीही तशीच पोकळी करतात. तीतून पाझरणारे पाणी मातीचे कण वाहून नेऊ लागले, म्हणजे भराव आतून पोखरला जातो. नळ गंजतो, गाळ साठून पुराच्या पाण्यासाठी राखलेली जागा घटते.

ओक्लाहोमातील यांपैकी बहुतेक धरणे ५० वर्षांच्या हिशेबाने बांधलेली होती. ती मुदत संपत आली, तेव्हा जुन्या धरणांच्या दुरुस्तीसाठी २००० साली अमेरिकेस निराळी कायदेशीर तरतूद करावी लागली. दरम्यान, पुराचे भय सरले असे समजून लोकांनी अनेक धरणांखाली घरे बांधली होती. शेतांच्या रक्षणासाठी घातलेला बांध आता वस्तीच्या माथ्यावर आला.

हा अनुभव भारतासही उपयोगी आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांस आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांस लागू होतो. त्याहून लहान बांध त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची काळजी वाहण्याचा भार स्थानिक संस्थांनीच उचलावयास हवा. पावसाळ्यापूर्वी झुडपे काढणे, बिळे बुजविणे, नळ व सांडवा मोकळा राखणे ही कामे अल्प खर्चाची आहेत. ती न केल्यास होणारी हानी मात्र अल्प नसते. म्हणून वार्षिक देखभालीचा पैसा आणि ती करणाऱ्या संस्थेचे नाव अंदाजपत्रकातच नमूद असल्याखेरीज कोणताही बांध पुरा झाला, असे मानू नये.