रानटी कोणास म्हणावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या नारायण पेठेतील एका जुन्या वाड्यातून तांब्यापितळेची भांडी चोरीस गेली. दुसऱ्या दिवशी लकडी पुलाच्या तोंडाशी गजरे विकीत बसणाऱ्या दोन पारधी बायांना पोलीस घेऊन गेले, आणि त्यांजपाशी काहीच न मिळाल्यामुळे दोन दिवसांनी त्यांना सोडून देण्यात आले. भांडी अद्याप सापडलेली नाहीत. परंतु आम्हांस विस्मय वाटला तो आमच्या एका सुविद्य शेजाऱ्यांच्या उद्गाराचा. ते म्हणाले, "या खेपेस त्यांनी चोरी केली नसेलही, पण जात रानटीच ती, आज ना उद्या करणारच." हे गृहस्थ सुस्वभावी आहेत, ग्रंथसंग्राहक आहेत आणि सहसा एकही व्याख्यान चुकवीत नाहीत. म्हणूनच त्यांच्या या वाक्यात दडलेल्या सिद्धान्ताचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. ग्रीकांना परक्यांचे बोलणे 'बरबर' असे ऐकू येई, म्हणून त्या नादावरूनच त्यांनी परक्यांस नाव ठेवले. आमच्या पूर्वजांच्या 'म्लेच्छ' शब्दाच्या मुळाशीही अस्पष्ट बोलणे हाच अर्थ आहे. म्हणजे दोन्हीकडे उणेपणा ऐकणाऱ्याच्या कानाचा, आणि ठपका मात्र बोलणाऱ्याच्या जिभेवर! मराठीत 'रानटी' म्हणजे रानातला, 'नागर' म्हणजे नगरातला, 'सभ्य' म्हणजे सभेत बसण्याजोगा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी विद्येबरोबर 'सुधारलेली राष्ट्रे' व 'रानटी राष्ट्रे' अशी वाटणीही आम्ही पत्करली. पण यांपैकी कोणताही शब्द मूळात माणसाची करणी सांगत नाही. तो कोठे राहतो आणि कोणाच्या पंक्तीस बसतो एवढेच सांगतो. पत्ता सांगणाऱ्या शब्दांकडून आम्ही स्वभावाची साक्ष घेऊ लागलो, येथेच घोटाळ्यास आरंभ झाला.

या घोटाळ्याचा कायदा झालेलाही या देशाने पाहिला आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावी, तिच्या माणसांची नोंद करावी, त्यांनी हजेरी द्यावी व परवान्यावाचून हद्द सोडू नये; आणि जाहीरनामा योग्य की अयोग्य हे विचारण्याची न्यायालयास मुभा नसावी, अशी त्याची योजना होती. प्रथम उत्तरेकडे लागू झालेल्या या कायद्यास १९११ च्या दुरुस्तीने सर्व ब्रिटिश हिंदुस्थान मोकळे झाले. मुलांस आईबापांपासून तोडून निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारने त्यात घेतला. मुंबई इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत त्यांतलीच. हे सारे ज्या हेतूने चालले होते, त्याचे नाव 'सुधारणा'!

आता आमच्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या कायद्याचा आधार म्हणून जो युक्तिवाद पुढे आला तो विलायती नव्हता. ज्या देशात विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार होतो, तेथे पिढीजात चोरही असावयाचेच, असे तेव्हा सांगण्यात आले. साहेबाने बेडी घडविली खरी. पण तिचे लोखंड आमच्याच जातिभेदाच्या भात्यावर तापलेले होते.

ज्या रामोशांवर पेशवाईत वाड्यांची व गावांची राखण सोपविलेली असे, त्यांचीच गणना राज्य बदलताच लुटारूंत होऊ लागली. त्यांच्यातील उमाजी नाइकास ३ फेब्रुवारी १८३२ रोजी याच पुण्यात फाशी दिले. राखणदार एका पिढीत रानटी कसा होतो? तो बदलत नाही. त्याला नाव ठेवणारा धनी बदलतो.

या पेठांना तर हा अनुभव स्वतःचाही आहे. १८९७ साली प्लेग खरा होता आणि त्यावर उपाय हवे होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गोरे सोजीर देवघरांत व माजघरांत शिरले, ते या गृहीतावर की या लोकांस आपले हित कळत नाही, सबब त्यांस विचारण्याचे कारण नाही. त्या अपमानाची आठवण पुणे शहर अजून सांगते. पुढे १९४८ साली गांधीजींचा खून झाला. खुनी मूठभर होते. परंतु त्यांची जात धरून सातारा, सांगली, कोल्हापूरकडे शेकडो निरपराध कुटुंबांची घरे जाळण्यात आली. त्यांतील कित्येकांचे नातेवाईक या पेठेत आहेत. आमचे शेजारीही त्यांपैकीच. 'एकाच्या करणीचा डाग सबंध जातीवर का?' हा त्यांच्या वडिलांचा प्रश्न न्याय्यच होता. मग तोच प्रश्न लकडी पुलाशी बसणाऱ्या बाईने विचारला, तर तो अन्याय्य कसा ठरतो?

यावर कोणी म्हणेल, 'मग रानटी असे जगात काहीच नाही काय?' आहे, पुष्कळ आहे. परंतु रानटी असते ते कृत्य; लोक नव्हेत. विधवेचे केशवपन रानटी होते, आणि ते आमच्याच सोवळ्या घरांत विधिपूर्वक होत असे. तेवढ्यावरून तो सबंध समाज जन्मतः रानटी ठरविला असता, तर १८९३ साली विधवेशी विवाह करणारे धोंडो केशव कर्वे त्याच समाजातून निघाले याचा उलगडा काय करणार? कृत्यास पुरावा मागता येतो, शिक्षा करता येते, ते सोडूनही देता येते. जन्म सोडता येत नाही. म्हणून ज्यास सर्व लोकांवर शिक्का मारावयाचा असतो, त्यास पुराव्याची अडचण नको असते. 'रानटी' हा शब्द वर्णनासाठी क्वचितच येतो. आपले नियम दुसऱ्यापुरते गुंडाळून ठेवण्याचा तो परवाना आहे.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशातून गेला. परवाना मात्र आम्ही जवळ ठेवला. त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फासेपारध्याचा फास हाच गुन्हा ठरला. वन्य प्राणी राखणे योग्यच; पण फास सोडणाऱ्याच्या हाती दुसरे काय दिले, हे विचारण्याचे अगत्य थोड्यांनाच वाटले. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ च्या आत्मकथेचे नाव 'उचल्या'. तो शब्द भाषेत भुरट्या चोराचा, आणि तेच त्यांच्या जमातीचे नाव! पुढच्याच वर्षी त्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या शेजाऱ्यांच्या कपाटात ते आहे. त्याची त्यांनी आम्हांजवळ स्तुतीही केली आहे.

सुसंस्कृतपणाची कसोटी कपाटात नसते. आपल्याकरिता जो न्याय आपण मागतो तो आपल्या पंक्तीबाहेरच्या माणसास, विशेषतः आपले भांडे हरवलेले असताना, देतो की नाही, एवढीच ती कसोटी आहे. चोरी कोणी केली आणि पुरावा काय, हे दोन प्रश्न ज्यास त्या वेळी सुचतात तो सुसंस्कृत; मग तो रानात राहो की नारायण पेठेत.

त्या दोन बाया पुन्हा पुलाशी बसू लागल्या आहेत. पेठेतील मंडळी त्यांच्याकडून गजरे घेतात. झाल्या गोष्टीबद्दल दोन शब्द बोलावयास मात्र त्यांच्याकडे कोणी गेले नाही. हा लेख लिहीपर्यंत आम्हीही गेलो नव्हतो.