थेंब की चमचा?

रात्री साडेदहाला फोन वाजला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. "टीचर, झोपला नाहीत ना?" आवाज ओळखीचा होता, पण रडवेला. सात वर्षांपूर्वी दहावीला माझ्या वर्गात होती ही मुलगी. बारावीनंतर तिने तीन वर्षांचा जीएनएम केला, आणि आता कल्याणला एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात सिस्टर आहे. नोकरीला लागून जेमतेम सात महिने झालेत. मुंब्र्याहून धीम्या लोकलने जाते, रात्री दहाला घरी परतते.

झालं होतं असं. संध्याकाळची ओपीडी, बाहेर तीस-पस्तीस नंबर, आत एक बाळ सुई टोचल्यामुळे रडतंय, आणि टेबलावरचा फोन वाजतोय. फोनवर एक आई. आठ किलोच्या बाळाला परत ताप चढलाय. मागच्या वेळी डॉक्टरांनी तापाचं औषध पाच मिली लिहून दिलं होतं, ती बाटली संपली म्हणून मेडिकलवाल्याकडून नवीन आणलीय. तेवढंच द्यायचं ना? हिने फाइल काढली, पाच मिली वाचलं आणि म्हणाली, "हो, तेवढंच." फोन ठेवला. दोन बाळांची वजनं करून झाल्यावर तिच्या डोक्यात चमकलं की त्या बाई "छोटी बाटली, ड्रॉपरवाली" असं म्हणाल्या होत्या.

ज्या वाचक भगिनींच्या घरी लहान मूल आहे त्यांनी इथे थोडं थांबावं. पॅरासिटामॉलचं साधं सिरप असतं त्याच्या पाच मिलीत साधारण 120 मिलिग्रॅम औषध असतं. त्याच औषधाचं दुसरं सिरप मिळतं, त्याच्या पाच मिलीत 250. आणि अगदी लहान बाळांसाठी जे थेंब मिळतात त्यांच्या एका मिलीतच 100 मिलिग्रॅम असतं. बाटली लहान, औषध मात्र दाट. आठ किलोच्या बाळाला एका वेळी साधारण 120 मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे थेंबांचं औषध असेल तर 1.2 मिली. पाच मिली दिलं तर 500 मिलिग्रॅम पोटात गेलं, चौपटीहून जास्त. आपण घरात "एक चमचा" म्हणतो, तोही कधी चहाचा, कधी पोह्यांचा. बाटलीसोबत येणारं माप किंवा ड्रॉपरच वापरायचा, आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला नाही.

तिने केसपेपरवरून नंबर शोधला आणि फोन लावला. तीनदा एंगेज. चौथ्यांदा लागला. त्या बाई औषध ओतायलाच बसल्या होत्या, अजून दिलं नव्हतं. हिने बाटलीवरचे आकडे वाचायला लावले, डॉक्टर दुसऱ्या बाळाला तपासत होते त्यांना दारातूनच माप विचारलं, आणि आईला बरोबर माप दोनदा म्हणून घेतलं. बाळाला काही झालं नाही. अलहमदुलिल्लाह.

मग रडायचं कारण काय? दवाखान्यातल्या जुन्या मावशी तिला म्हणाल्या होत्या, "काही झालं नाही ना? मग सरांना आधीचं कशाला सांगतेस? नोकरी घालवशील." डॉक्टरांना वाटत होतं की हिने फक्त माप विचारलं. आधी चुकीचं सांगून बसली होती हे त्यांना माहीतच नव्हतं. तिचा प्रश्न एवढाच होता, "टीचर, सांगू का?"

खरं सांगते, माझ्या तोंडून पटकन "सांग" असं निघालं नाही. तिच्या अब्बांची रिक्षा आहे, धाकटा भाऊ अकरावीला. तिच्या अकरा हजारांवर त्या घराचं काय काय चालतं ते मला माहीत आहे. पण वर्गात वीस वर्षं अमानत या शब्दाचा अर्थ शिकवत आल्यावर दुसरं काही सांगायला जीभ वळेना. आईने विश्वासाने विचारलं होतं, तीही अमानतच. मी म्हटलं, उद्या सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी सांग. रडत नको, सबबी नकोत. काय झालं, कसं लक्षात आलं, काय केलं, या क्रमाने.

तिने सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले, मग रागावले, भरपूर रागावले. दुपारी मात्र त्यांनी फोनशेजारी एक कागद चिकटवला. फोनवर माप सांगायचं तर आधी बाळाचं आजचं वजन विचारायचं, मग बाटलीवरचे मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही वाचून घ्यायचे, मग डॉक्टरांना विचारायचं, आणि शेवटी आईकडून माप परत म्हणून घ्यायचं. म्हणजे हिने त्या रात्री घाबरून जे केलं तेच आता त्या दवाखान्याचा नियम झालं. एकाच व्यक्तीने टोचायचं, वजन करायचं आणि फोनही घ्यायचा, हा खरा दोष होता. त्यावर त्या कागदात एक अक्षर नाही, हे मात्र मला खटकलं.

गेल्या वर्षभरात अशा तीन-चार मुलींशी बोलणं झालं. कोणी डोंबिवलीला, कोणी ठाण्याला नौपाड्यात. या कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत त्या कशाकशातून जातात हे घरच्यांना फारसं ठाऊक नसतं. मुलं त्यांना बघूनच रडतात, कारण आपणच घरी म्हणतो, "मस्ती केलीस तर सिस्टर सुई देईल." हे वाक्य कृपा करून बंद करा. सुई टोचताना बाळ आईच्या मांडीवर असेल, अंगावर पीत असेल, तर ते कमी रडतं आणि सिस्टरचा हातही स्थिर राहतो. लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात तेव्हा ट्रेनची घाई करू नका. क्वचित एखाद्या बाळाला त्रास होतो, तो बहुधा त्या अर्ध्या तासातच दिसतो.

आपल्या मुलींकडे आणखी एक गोष्ट आहे जिची किंमत त्यांना स्वतःलाच कळत नाही. त्यांना उर्दू येते आणि मराठीही. 2022 च्या अखेरीस गोवंडीपासून भिवंडीपर्यंत गोवराची साथ आली, लहान मुलं दगावली. लस न घेतलेल्या घरांत अनेक ठिकाणी हीच भीती होती की ताप येईल, पुढे मूल होणार नाही. पोस्टर लावून ही भीती जात नाही. आपल्याच बोलीत, आपल्यासारखाच दुपट्टा घेतलेली मुलगी समोर बसून सांगते की नवव्या महिन्यात एक आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरी, गोवर-रुबेलाचे दोन डोस चुकवू नका, तेव्हा खाला-फुफी ऐकतात. इथे एक अडचणीची गोष्ट येते. राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी पालिकेच्या केंद्रात मोफत मिळतात. हातावर पोट असलेल्या आईला हे सांगितलं की दवाखान्याचं गिऱ्हाईक जातं. माझी विद्यार्थिनी सांगते, हळू आवाजात. मी तिला मोठ्याने सांग म्हणत नाही, पण सांगणं थांबवू नकोस एवढं म्हटलंय.

पगाराचं बोलू. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या स्थितीवर समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने शिफारस केली की 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना 20,000 पेक्षा कमी पगार नसावा. शिफारसच ती. आणि दवाखान्यात तर खाटाच नसतात, मग मोजणार काय? तरी मुलींना हा आकडा माहीत असावा, बोलणी करताना उपयोगी पडतो. मूळ प्रमाणपत्रं कोणाच्या कपाटात ठेवायला देऊ नका, दाखवून झेरॉक्स द्या. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेवा. आणि ज्यांच्या मुली आत्ता बारावीत आहेत त्यांनी सहा महिन्यांत "नर्सिंग" शिकवणाऱ्या गल्लीतल्या क्लासच्या नादी लागू नये. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बीएस्सी चार. संस्थेला परिषदेची मान्यता आहे का ते आधी बघा. त्या छोट्या क्लासमधून आलेल्या मुलीला पांढरा कोट मिळतो, नोंदणी मिळत नाही.

स्वतःच्या जिवाचंही बघायचं. हेपॅटायटिस बीचे तीन डोस तिने अजून घेतले नव्हते, मी ओरडले तेव्हा घेतले. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, ती सरळ जाड पांढऱ्या डब्यात टाकायची. टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही. बाही कोपरापर्यंत वर घ्यावी लागते कारण हात मनगटाच्याही वरपर्यंत धुवायचे असतात. यावर तिच्या फुफीने बरंच काही ऐकवलं. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना उपचारासाठी हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवलं होतं, आणि तो तंबू मस्जिद-ए-नबवीत होता. फुफींना मी एवढंच सांगितलं. त्या गप्प बसल्या, पटलं की नाही माहीत नाही.

रमजानमध्ये इफ्तार नेमका ओपीडीच्या गर्दीत यायचा. ती पर्समध्ये तीन खजुरा ठेवायची, वजनकाट्याच्या मागे उभी राहून रोजा सोडायची. एकदा एका आगरी आजींनी ते पाहिलं. त्यांनी पुढच्या बाईला सांगून आपला नंबर मागे ढकलला, आणि म्हणाल्या, "आधी पानी पी गो पोरी, आमचा नातू पलत नाय."

गेल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला, यावेळी दिवसा. पालिकेच्या रुग्णालयातल्या भरतीचा अर्ज मराठीत भरायचाय, तपासून द्याल का, असं विचारत होती. अनुभवाच्या रकान्यात तिने "आठ महिने" लिहिलं होतं. बाकी अर्जात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या, त्या मी लाल पेनाने दुरुस्त करून पाठवल्या.