पूरनौकेचे यंत्र : वर्षभर ते कोठे आणि कशावर ठेवावे

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठच्या गावांना पूर नवा नाही. तथापि 2005, 2019 आणि 2021 या तीन वर्षी या नद्यांनी जे रूप दाखविले, ते सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील लोक सहसा विसरणार नाहीत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी समजली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये तेथे पाणी 57 फुटांवर चढले होते. अशा वेळी रस्ते बंद होतात, आणि बाहेरची मदत पोचेपर्यंतचा काळ गावाला आपल्याजवळच्या साधनांवरच काढावा लागतो. नदीकाठच्या ज्या गावांनी यांत्रिक नाव बाळगली आहे, त्यांचा पहिला आधार तीच होय. नावेचा सांगाडा सहसा दगा देत नाही. दगा देते ते तिच्या मागच्या फळीस बाहेरून अडकविलेले यंत्र, ज्यास आउटबोर्ड मोटर अथवा नेहमीच्या बोलण्यात बोटीचे इंजिन म्हणतात.

हे यंत्र पाण्यात बिघडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा खरा नाही. पुराचे काम वर्षातून फार तर आठ-पंधरा दिवसांचे; कित्येक वर्षी तेवढेही नसते. उरलेले सर्व दिवस यंत्र जमिनीवर काढते, आणि त्याचे बरेवाईट बहुतांशी तेथेच ठरते. पूर ओसरला, यंत्र नावेवरून उतरविले, जडसंग्रह वहीत त्याची नोंद झाली आणि खोलीस कुलूप लागले, की काम संपले असे मानण्याची रीत पडून गेली आहे. खोलीत ते भिंतीस टेकून उभे आहे की खताच्या पोत्यांवर आडवे पडले आहे, हे वही सांगत नाही; आणि पुढील पुरात दोरी ओढल्यावर यंत्र बोलेल की नाही, हे नेमके त्यावरच अवलंबून असते.

त्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. वर डोके, म्हणजे सिलिंडर, कार्ब्युरेटर व गरगर फिरणारे जड चाक. मध्ये लांब पोकळ पाय. आणि तळाशी दातेरी चक्रे व पंखा. यंत्र थंड ठेवण्यासाठी तळाजवळचा एक लहानसा पंप नदीचे पाणी वर ओढतो, आणि ते पाणी डोक्यात फिरून धुराबरोबर त्याच पायातून खाली येते. यंत्र बंद केले तरी या वाटांत पाणी शिल्लक राहते. यंत्र उभे असेल तर ते आपोआप निथळून जाते. परंतु नावेवरून काढल्याबरोबर यंत्र आडवे टाकले, आणि त्यातही डोके खाली व पंखा वर अशा स्थितीत टाकले, तर हेच पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरते. पुराचे पाणी गाळाचे असल्यामुळे त्याबरोबर गाळही जातो. आठ महिन्यांनी दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीस गंजून चिकटलेला आढळला, तर दोष कारखान्याचा नव्हे.

म्हणून डोके सदैव पंख्यापेक्षा उंच राहिले पाहिजे. यंत्र ठेवताना तर हे पाळावेच, परंतु उचलून नेतानाही पाळावे, आणि चूक होते ती बहुधा तेव्हाच. दोघांनी यंत्र घेऊन नदीचा घाट चढावयाचा असेल, तर डोक्याकडचा माणूस पुढे हवा. उतरावयाचा असेल, तर तो मागे हवा. यंत्र काढल्यावर ते काही वेळ उभे धरून निथळू द्यावे. पूर ओसरल्यानंतर ते स्वच्छ पाण्याच्या पिंपात बसवून थोडा वेळ चालवावे, म्हणजे गाळ धुऊन निघेल. गाळ एकदा वाळून बसला, की पाण्याच्या अरुंद वाटा कायमच्या बुजतात.

पूर्वीची यंत्रे बहुतेक टू-स्ट्रोक जातीची असत, व त्यांचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. डोके किंचित उंच ठेवले तर ती कोणत्याही कुशीवर निजविता येतात. आता फोर-स्ट्रोक यंत्रे अधिकाधिक येत आहेत, व त्यांच्या बाबतीत जुनी सवय घातक ठरते. यांच्या पोटात वेगळे तेल भरलेले असते. भलत्या कुशीवर निजविल्यास ते तेल सिलिंडरमध्ये उतरते. कोणती कूस चालेल हे त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि पुष्कळ यंत्रांवर तशी खूणही असते. ती खूण तैलरंगाने ठळक करून घ्यावी. पुराच्या धावपळीत पुस्तिका कोणी उघडत नाही. आडव्या पडलेल्या यंत्राची दोरी ओढली जात नसेल, तर दोघातिघांनी मिळून जोर करण्याचा मोह आवरला पाहिजे. सिलिंडरमध्ये तेल अथवा पाणी असता जोर केला, तर आतला दांडा वाकतो. प्रथम प्लग काढावेत, दोरी सावकाश ओढून आतील तेल-पाणी बाहेर काढावे, आणि मगच पुढचा विचार करावा.

यंत्र भिंतीस टेकवून ठेवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय होय. तसे ठेवल्यास सारा भार पंख्याखालच्या पातळ पात्यावर येतो. ते पाते पंख्याच्या रक्षणासाठी आहे. यंत्राचा पाय म्हणून ते घडविलेले नाही. फरशीवरून यंत्र घसरले तर पाते मोडते, पंख्यास मार बसतो, आणि पंख्याचा दांडा केसभर वाकला तरी तेथील रबरी कडी गळू लागते. मग चक्रांच्या तेलात पाणी शिरते व तेल ताकासारखे पांढरे दिसते.

खरा उपाय म्हणजे लाकडी घोडा. यासाठी बाहेरून काहीच मागविण्याचे कारण नाही. गावचा सुतार तो एका दिवसात करून देऊ शकेल. बाभळीचे लाकूड उत्तम. चार पाय, आणि वर नावेच्या मागच्या फळीसारखीच एक आडवी फळी, जिच्यावर यंत्राची पकड घट्ट बसेल. फळीची जाडी चार ते पाच सेंटिमीटर असावी. उंचीचे माप पुस्तकातून घेण्यापेक्षा यंत्रावरूनच घ्यावे : पकडीपासून तळच्या पात्याच्या टोकापर्यंत जितके अंतर भरेल, त्यात एक वीत मिळवावी. यंत्रे आखूड पायाची व लांब पायाची अशी दोन प्रकारची मिळतात, आणि त्यांत सुमारे 13 सेंटिमीटरांचा फरक असतो. म्हणून एका गावच्या घोड्याचे माप दुसऱ्या गावी चालेलच असे नाही. यंत्राचा भार फळीच्या मागच्या अंगास पडतो, तेव्हा घोड्याचे मागचे पाय अधिक फाकविले पाहिजेत. नाही तर घोडा यंत्रासह मागे कोसळेल. सांधे खिळ्यांनी न जोडता बोल्टांनी जोडावेत. 25 अश्वशक्तीचे यंत्र जवळजवळ अर्ध्या क्विंटलचे असते, आणि खिळे वर्षभरात सैल होतात.

यंत्र वाहून नेण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेली जाते, किंवा ट्रेलरवर बांधून ओढली जाते, आणि यंत्र मागच्या फळीवर तसेच लटकत राहते. जमिनीस लागू नये म्हणून ते तिरपे उचलून त्याच्या खटक्यावर अडकविलेले असते. तो खटका नाव काठाशी उभी असताना यंत्र वर राहावे एवढ्यापुरताच आहे. रस्त्याचे धक्के सोसणे हे त्याचे काम नव्हे. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर गृहिणी पाणवठ्यापासून घरापर्यंत सहज चालत येते. तीच कळशी हात लांब करून धरली तर चार पावलेही टाकवत नाहीत. उभे यंत्र फळीस बिलगून असते; तिरपे केलेले यंत्र हात लांब केल्यासारखे फळीस ओढीत राहते, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ही ओढ कितीतरी पटींनी वाढते. प्रथम खटका तुटतो किंवा फळीस बारीक तडा जातो. तो तडा रस्त्यावर दिसत नाही. पुराच्या धारेत, नावेत माणसे बसलेली असताना दिसतो.

दोघांना उचलेल असे यंत्र प्रवासापूर्वी काढूनच घ्यावे. ते गवताने भरलेल्या पोत्यांवर, डोके उंच करून, योग्य कुशीवर निजवावे आणि हलणार नाही असे बांधावे. यंत्र काढण्याजोगे नसेल, आणि जमिनीपासून पुरेसे अंतर राहत असेल, तर ते उभेच ठेवावे. अंतर पुरत नसेल तरच तिरपे करावे, व मग त्याखाली टेकू दिल्याशिवाय गाडी हलवू नये. बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखाली टेकू देण्याची रीत कोणा शेतकऱ्यास शिकवावी लागत नाही. हीही तीच युक्ती. एक भक्कम दांडा घ्यावा, त्याच्या टोकास खाच करून तीत जुन्या टायरचे रबर बसवावे, खाच यंत्राच्या पायाखाली आणि दुसरे टोक ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यावर येईल असे करावे, व दोन्ही टोके पट्ट्याने आवळावीत. नावही ट्रेलरशी घट्ट बांधलेली असावी. नाव एकीकडे व ट्रेलर दुसरीकडे उसळत असेल, तर टेकू निसटून पडतो, किंवा यंत्रासच टोचतो.

यंत्र नावेवरून काढूच नये, ते चढविलेले असले म्हणजे वेळेवर धांदल होत नाही, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. रोहिणी निघाल्या, की यंत्र नावेवर चढवावे आणि पावसाळाभर तेथेच उभे ठेवावे, हे योग्यच आहे. तिरपे ठेवल्यास पंख्याच्या बाजूने पावसाचे पाणी साचून राहते, म्हणून उभे. परंतु दिवाळीनंतरही ते उन्हात तसेच राहिले, तर रबर तडकते, आणि फळीस विनाकारण भार वाहावा लागतो. दुसरे मत असे, की सर्व यंत्रे तालुक्याच्या ठिकाणी एका जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली असावीत. देखभालीच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. पण पुरात पहिल्यांदा तुटतो तो तालुक्याचा रस्ता. शिरोळ तालुक्यातील दोन नद्यांच्या बेचक्यातल्या गावांना हे सांगावयास नको. यंत्र गावातच हवे, आणि वर्षातून एकदा कारागिराने गावी यावे, हीच व्यवस्था पत्करण्यासारखी आहे.

यंत्र घोड्यावर चढविण्यापूर्वी त्यातील पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतील ओल शोषून घेते, आणि महिनोन्‌महिने राहिलेल्या इंधनाचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो. घोड्यावरील यंत्र चालू करून पाहण्याची हौस मात्र कोणी करू नये. तळच्या पंपातील चक्र रबराचे असते, व पाण्यावाचून ते काही क्षणांतच जळते. तपासणी करावयाची ती पिंपात यंत्र बुडवूनच.

राहता राहिला जागेचा प्रश्न. रासायनिक खताच्या खोलीत यंत्र ठेवू नये. खताची ओल ॲल्युमिनियम खाऊन टाकते. धान्याच्या खोलीत उंदीर असतात, आणि यंत्राच्या टोपणाखालची ऊबदार पोकळी त्यांना फार आवडते. ते तेथे घर करतात व तारा कुरतडतात. मेणकापड घट्ट गुंडाळू नये, सुती कापड सैल टाकावे. आणि ज्या इमारतीत 2019 साली पाणी शिरले होते, तीत पुराचे यंत्र ठेवणे म्हणजे काय, याचा विचार ग्रामसभेनेच करावा. त्या वर्षीची पाण्याची खूण पुष्कळ गावांत भिंतींवर अजून दिसते. घोडा त्या खुणेच्या वर, नाव जेथे ठेवली आहे तेथून दोन माणसांना यंत्र उचलून नेता येईल इतक्या अंतरावर असावा. खोलीची एक किल्ली ग्रामपंचायतीत असावी, व दुसरी पुरात न बुडणाऱ्या आळीतील, नाव चालविता येणाऱ्या माणसाच्या घरी असावी.