क्षमेचा उपदेश जरा थांबू द्या

मंडळीतलं एखादं कुटुंब उपासनेला यायचं थांबलं की कुजबुज सुरू होते : विश्वासात थंड पडले वाटतं. त्यांना कोणी दुखावलं का, याची चौकशी करायला मात्र कोणी त्यांच्या घरी जात नाही. या सदराला येणाऱ्या पत्रांत अशी माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांचं देवाशी काही बिनसलेलं नाही. ती रोज प्रार्थना करतात, बायबल वाचतात. रविवारी चर्चची पायरी चढवत नाही, एवढंच.

एका ताईंनी लिहिलं आहे. आई पहाटे गेली. पाळकांना फोन केला, तर त्यांनी कमिटीच्या सेक्रेटरींकडे पाठवलं. सेक्रेटरींनी वही उघडली. वर्गणी थकलेली होती. आधी ती भरा, मग दफनाची चिठ्ठी. भावानं शेजारून उसने पैसे आणले, पावती फाडली गेली, तेव्हा कुठे कबर खणायला माणसं निघाली. संध्याकाळी सांत्वनाच्या प्रार्थनेत पाळक ख्रिस्ताच्या प्रीतीवर बोलले. पुढे ताईंनी कमिटीत हा विषय काढला, तर उत्तर मिळालं, ‘ताई, प्रभूनं क्षमा करायला सांगितलंय.’

क्षमा हा आपल्या विश्वासाचा कणा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांनी दुखावलं त्यांनीच क्षमेचं वचन पुढे करणं ही त्या वचनाची विटंबना आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली साताच्या सत्तर पट क्षमेची शिकवण आपल्याला पाठ असते. त्याच अध्यायात तिच्या आधी काय आहे, तेही वाचावं. अपराध करणाऱ्याकडे जाऊन त्याला एकांतात दोष दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला कळव. तक्रार करण्याची वाट खुद्द प्रभूनं घालून दिली आहे. तिच्यावरून चालणाऱ्याला मंडळी ‘फूट पाडणारा’ म्हणते, तेव्हा ती प्रभूच्याच शिकवणीकडे पाठ फिरवते.

मंडळीशी मतभेद होऊनही ख्रिस्ताला न सोडणाऱ्यांचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला, तर बिशपांनी हरकत घेतली. वाँटेजच्या मठातल्या ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या ‘आजीबाई’ म्हणत, त्यांनाही रमाबाईंच्या प्रश्नांत अहंकार दिसू लागला. मोठ्या कष्टानं एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवलं आहे, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, असा रमाबाईंच्या उत्तराचा आशय होता. हे सगळं त्यांनी पत्रांतून सविस्तर, सही करून लिहिलं. ज्यांच्याशी वाद झाला त्या सिस्टरनीच ती पत्रं जपली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती छापली, म्हणून आज आपण ती वाचू शकतो. आणि ज्या बाईला गर्विष्ठ ठरवलं, तिनं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि अखेरची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला दिली.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. मिशनच्या चौकटीतून ते बाहेर पडले, ख्रिस्तापासून दूर गेले नाहीत. आज आपल्या मंडळ्या त्यांचीच भजनं गातात.

म्हणून दुखावलेल्यांना माझं सांगणं : झालेलं कागदावर उतरवा, तारखेसकट. विश्वासाच्या एका माणसाशी बोला. ते मंडळीतलंच असावं असं नाही. स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रं उघडा. देवापुढे गाऱ्हाणं मांडणं हे अविश्वासाचं लक्षण असतं, तर ती पवित्र शास्त्रात आलीच नसती. दुसऱ्या मंडळीत जावंसं वाटलं तर जा. काही काळ घरातच उपासना केलीत तरी देव तिथेही ऐकतो. क्षमा तुमच्या मनात तयार होईल तेव्हा होईल. क्षमा केली म्हणून पुन्हा त्याच माणसाच्या हाताखाली बसलंच पाहिजे, असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही.

एका बाबतीत मात्र एकांतात समजावण्याची वाट धरायचीच नाही. लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तन झालं असेल, तर ते मंडळीचं घरगुती प्रकरण राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ज्याला कळलं त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘मंडळीचं नाव खराब होईल’ म्हणून दाबलेली तक्रार पुढच्या मुलाचा बळी देते. तक्रारदारावर दबाव आणणारे वडीलजन त्या पापाचे वाटेकरी आहेत.

आता पाळकांना आणि कमिट्यांना विनंती. येत्या वार्षिक सभेत ठराव करा की वर्गणीपायी कुणाचंही दफन अडवलं जाणार नाही. तक्रार ऐकायला दोन माणसं नेमा, त्यात एक बाई असू द्या, आणि ती पाळकांच्या नात्यागोत्यातली नसावीत. जे यायचे थांबले त्यांच्या घरी जा. तिथे वचन वाचू नका, खुलासा देऊ नका, फक्त ऐका. चूक मंडळीची असेल तर त्या माणसाला विचारून, त्याची तयारी असेल तर, भर उपासनेत माफी मागा. अपमान चारचौघांत झाला असेल, तर माफीही चारचौघांतच मागितली पाहिजे.